विहिरीच्या ताळेबंदापासून ठिबकच्या मिनिटांपर्यंत : मराठवाड्यातील शेतपाण्याचे नियोजन

मराठवाड्यात ठिबकचा संच आहे, सौरपंप आहे, मोबाइलवरून सुरू होणारा स्टार्टरही आहे आणि तरीही संक्रांत उलटली की विहीर तळाला जाते, अशी शेते गावोगाव आढळतात. यात दोष यंत्रांचा नसतो. विहिरीत पाणी किती येते हे मोजण्याआधीच यंत्रे घेतली जातात, आणि ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी एक-दोन एकर ऊस किंवा मोसंबी वाढवली जाते. त्यामुळे उपसा पूर्वीइतकाच राहतो, कधी वाढतोही. म्हणूनच या लेखात कामांचा क्रम असा ठेवला आहे : आधी मोजणी, मग पिकांचा ताळेबंद, त्यानंतर ठिबक आणि तुषार, त्यावर सेन्सर व स्वयंचलन, आणि या सर्वांच्या जोडीने पुनर्भरण. क्रम उलटा केला तर पैसा खर्च होतो आणि पाणी वाचत नाही.

मोजणीला पहिले स्थान देण्याचे कारण आपल्या जमिनीखालच्या खडकात आहे. मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. वाळूच्या थरांत जसे पाणी सर्वत्र साठते तसे बेसाल्टमध्ये साठत नाही. ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडेच, राहते. नदीकाठचे एखादे शेत वगळले तर आपल्या विहिरीचे पाणी म्हणजे याच वर्षीच्या पावसाचे मुरलेले पाणी असते, मागील अनेक वर्षांची शिल्लक नसते.

पहिले काम : विहीर आणि पंप मोजणे

विहिरीची मोजणी पाऊस संपून नाले आटू लागले की, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. शेतकऱ्यानेही हेच चार महिने धरले, तर त्याच्या नोंदी यंत्रणेच्या नोंदींशी ताडून पाहता येतात. साधन म्हणून फुटाच्या खुणा केलेली, टोकाला वजन बांधलेली दोरी पुरते.

वीस फूट व्यासाची गोल विहीर घेतली, तर तिच्यातील एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर होतात. तीस फूट पाणी उभे असेल तर साठा सुमारे २ लाख ६७ हजार लिटरचा झाला. हा आकडा मोठा वाटतो. परंतु एका एकरावर एक इंच पाणी देण्यासच सुमारे एक लाख लिटर लागतात. त्यामुळे उभ्या साठ्याने एकरभर रानाची एक पाळीही जेमतेमच निघते. विहिरीचे खरे बळ तिच्या झऱ्यांत असते आणि झरेच मोजायला हवेत.

झरे मोजण्यासाठी विहीर उपसून पातळी खाली न्यावी, पंप बंद करावा आणि पाणी किती फूट चढले याची नोंद बारा तास ठेवावी. विहीर रिकामी असताना झरे जोराने वाहतात आणि पातळी वर येते तसा त्यांचा वेग मंदावतो. म्हणून पहिल्या तासाच्या आकड्याला चोवीसने गुणून दिवसाची आवक काढू नये, पूर्ण बारा तासांची वाढ धरावी. वरच्या विहिरीत बारा तासांत चार फूट पाणी चढले, तर ती आवक ३५,६०० लिटर, म्हणजे दिवसाला ढोबळमानाने ७० हजार लिटर झाली. शेजारच्या विहिरीवरचा पंप त्या वेळी चालू असेल तर आकडा कमी येतो. शक्य असल्यास शेजाऱ्याशी बोलून दोघांनी एकाच दिवशी मोजणी करावी.

बोअरच्या बाबतीत एक गैरसमज फार महागात पडतो. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला अवघे साडेसहा लिटर पाणी मावते. चारशे फूट पाणी उभे असले तरी साठा २,६०० लिटरचाच असतो. बाकी सर्व भेगांतून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. खोल बोअर घेतल्याने साठा वाढत नाही. फार तर शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारे पाणी आपल्याकडे वळते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी बंदी घातली, तिच्यामागे हेच कारण आहे. बोअरमध्ये मोटार सोडतानाच सोबत अर्ध्या इंचाचा प्लॅस्टिक पाइप सोडून ठेवावा, म्हणजे पुढे त्यातून पातळी मोजता येते. पाइप नसेल तर मोजणीची तार मोटारीच्या केबलमध्ये अडकते.

पंपाचा प्रवाह मोजायला दोनशे लिटरचा ड्रम आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच लागते. ड्रम ४० सेकंदांत भरला तर पंप तासाला १८ हजार लिटर पाणी देतो. हीच मोजणी जानेवारीत आणि मार्चमध्ये पुन्हा करावी, कारण पातळी खाली गेली की त्याच पंपाचा प्रवाह घटतो. पंपाच्या मुख्य पाइपवर पाण्याचा मीटर बसवणे याहून चांगले. ठिबकच्या एकूण खर्चात मीटरची किंमत थोडी असते, पण सर्वांत आधी तोच वगळला जातो, आणि मग हंगामभर दिलेल्या पाण्याचा हिशेब अंदाजावर चालतो.

दुसरे काम : पिकांचा ताळेबंद

मोजणीचे आकडे हातात आले की वहीच्या एका पानावर नोव्हेंबर ते मार्चचे पाणी मांडावे. वरच्या विहिरीची आवक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिवसाला ७० हजार, जानेवारी-फेब्रुवारीत निम्मी आणि मार्चमध्ये १५ हजार लिटर धरली, तर पाच महिन्यांत उभ्या साठ्यासह सुमारे ७० लाख लिटर मिळतात. त्यातून घर आणि जनावरांचे पाणी वजा करावे, थोडी राखीव ठेवावी आणि ६० लाख लिटर पिकांसाठी धरावेत. दुसऱ्या वर्षापासून हे अंदाज स्वतःच्या नोंदींवरून सुधारता येतात.

आता या ६० लाखांत काय बसते ते पाहावे. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०५० लिटर. हरभऱ्याला तुषारने पन्नास मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या आणि वाया जाणारे पाणी त्यात मिळवले, तर एकरी सुमारे साडेपाच लाख लिटर लागतात. रब्बी ज्वारीला दोन पाळ्यांत साधारण तेवढेच पुरते. गव्हाला एकरी वीस लाखांपर्यंत हिशेब जातो. म्हणजे चार एकर हरभरा, तीन एकर ज्वारी आणि एक एकर गहू या विहिरीवर निघू शकतात, तेही काटेकोर पाणी दिल्यास. पाटाने भिजवलेल्या उसाला मात्र वर्षाला एकरी ८० लाख लिटरच्या पुढे पाणी लागते. ठिबकवर ही गरज बरीच कमी होते, पण एक एकर ऊस आठ एकर रब्बीचे पाणी घेतो हे त्यातून लपत नाही. शिवाय उसाची भूक मार्च ते मे या महिन्यांत सर्वांत जास्त असते, आणि तेव्हाच झरे आटलेले असतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या वर्षीच्या पावसाला दोष देताना आपण लावलेल्या पिकांचा हिशेबही मांडायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

या ताळेबंदात आणखी एक रकाना असावा, तो जमिनीचा. मीटरभर खोलीच्या काळ्या भारी जमिनीत पिकाला घेता येईल असे दीडशे मिलिमीटर पाणी सहज मावते, म्हणजे एकरी सहा लाख लिटर. वरच्या विहिरीच्या उभ्या साठ्याच्या दुपटीहून हे अधिक आहे. सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा सरी यंत्राने केली की जोराचा पाऊस सरीत मुरतो, अतिवृष्टीत जास्तीचे पाणी निघून जाते आणि पावसाच्या खंडात पीक तग धरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ही पद्धत अनेक वर्षे शेतकऱ्यांपर्यंत नेली आहे. उताराला आडवी पेरणी आणि शेतातील काडीकचरा न जाळता आच्छादन म्हणून पसरणे, ही कामे बिनखर्चाची आहेत आणि तीच सर्वांत आधी करावीत.

तिसरे काम : ठिबक बसवणे आणि ते जिवंत ठेवणे

संच घेण्यापूर्वी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती घ्यावी, कारण संमतीआधी खरेदी केलेल्या संचाला अनुदान मिळत नाही. केंद्र आणि राज्याचे अनुदान मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के आणि पाच हेक्टरच्या मर्यादेत अशी रचना आहे. अर्जाच्या वेळी नियम तपासून घ्यावेत.

आराखडा पंपाच्या प्रवाहावरून ठरतो. कापसाच्या एका एकरात पाच फुटांवर लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतील बारीक नळी, आणि चाळीस सेंटिमीटरवर ताशी दोन लिटरचा ड्रिपर, म्हणजे थेंबाथेंबाने पाणी सोडणारे तोंड, धरला, तर सुमारे पावणेसात हजार ड्रिपर होतात आणि तासाला साडेतेरा हजार लिटर पाणी लागते. आपला पंप १८ हजार लिटर देत असेल, तर एका वेळी सव्वा एकरापेक्षा जास्त क्षेत्राचा व्हॉल्व्ह उघडू नये. मार्चमध्ये प्रवाह घटला की हे क्षेत्रही घटवावे लागते. दोन व्हॉल्व्ह एकदम उघडल्याने लवकर आटोपल्यासारखे वाटते, पण दाब पडतो, शेवटच्या ओळी तहानलेल्या राहतात आणि सुरुवातीच्या ओळींत चिखल होतो. बालाघाटच्या डोंगरउतारावरील शेतांत दाब कमी-जास्त झाला तरी प्रवाह सारखा ठेवणारे, बाजारात पीसी म्हणून मिळणारे ड्रिपर घ्यावेत. सपाट रानात साधे चालतात.

संच बसवल्यानंतर पाणी वाचते की नाही, हे देखभालीवर ठरते. दर पंधरा दिवसांनी एक छोटी तपासणी करावी. लॅटरलच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकाच वेळी छोटी वाटी धरून एक मिनिटाचे पाणी मोजावे. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे मोजमाप त्याला पुरेसे आहे. ताशी दोन लिटरच्या ड्रिपरने मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर पाणी द्यायला हवे. सुरुवातीला ३५ आणि शेवटाला २२ येत असतील, तर ड्रिपर चोंदले आहेत किंवा दाब अपुरा आहे. अशा शेतात शेवटच्या ओळी भिजाव्यात म्हणून शेतकरी संच दीडपट वेळ चालवतो आणि ठिबकची सगळी बचत तिथेच जाते.

चोंदण्याची आपल्याकडील दोन मुख्य कारणे म्हणजे क्षार आणि शेवाळ. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक असावेत. दोन्हींतील फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या पुढे गेला की फिल्टर धुवावा, दिवस मोजत बसू नये. विहिरीचे पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. त्यासाठी आम्ल प्रक्रिया करावी लागते. आधी आपल्याच पाण्याच्या बादलीत हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे टाकून, पीएच कागदावर सामू (पीएच) चारच्या आसपास येईपर्यंत लिटरला किती मिलिलिटर लागले ते काढावे, त्या प्रमाणात संचातून आम्ल सोडावे, चोवीस तास संच बंद ठेवावा आणि मग सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारा पाइप) व लॅटरलची टोके उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे. आम्ल नेहमी पाण्यात टाकावे, आम्लावर पाणी कधीही ओतू नये. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरची प्रक्रिया करायची असल्यास ती वेगळ्या दिवशी करावी, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो. हातमोजे आणि चष्मा यांना पर्याय नाही.

हरभरा, गहू, सोयाबीन यांसारख्या दाट पिकांना तुषार संच योग्य. दुपारच्या वाऱ्यात तुषार चालवू नये.

चौथे काम : किती मिनिटे पाणी द्यायचे

आमच्या भागात वाफसा पाहून पाणी देण्याची जाण पिढ्यान् पिढ्या आहे. ती टाकून द्यायची नाही, तिला आकड्याची जोड द्यायची आहे. ऑक्टोबरमधील एका दिवसाचे बाष्पीभवन, म्हणजे उघड्या बाष्पपात्रातून दिवसभरात उडणारे पाणी, ६ मिलिमीटर धरू. त्याला बाष्पपात्राचा गुणांक ०.७ आणि बोंडे भरणाऱ्या कापसाचा पीक गुणांक (त्या अवस्थेतील पिकाची गरज दाखवणारा आकडा) १ यांनी गुणले की ४.२ मिलिमीटर येतात. पिकाने जमिनीचा ८० टक्के भाग झाकला असेल तर ठिबकसाठी ३.४ मिलिमीटर पुरतात, म्हणजे एकरी सुमारे साडेतेरा हजार लिटर. संचाची कार्यक्षमता ९० टक्के धरली की पंधरा हजार. आपला एकर तासाला साडेतेरा हजार लिटर घेतो, तेव्हा दिवसाला ६७ मिनिटे, किंवा दिवसाआड सव्वादोन तास पाणी पुरते. रात्रभर संच चालू ठेवणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब एकदा तरी स्वतःच्या शेतासाठी मांडावा.

हवामानाची माहिती हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर, तसेच परभणी विद्यापीठातून मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात मिळते. पावसाच्या आकड्यासाठी महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाचे स्वयंचलित केंद्र प्रत्येक महसूल मंडळात आहे. परंतु आपल्याकडचा पाऊस शिवाशिवाला बदलतो, आणि मंडळाच्या ठिकाणी तीस मिलिमीटर पडलेला असताना पाच किलोमीटरवरचे रान कोरडे राहू शकते. म्हणून शेतात स्वतःचे पर्जन्यमापक असावे. उभ्या, सरळ कडांचा डबा आणि पट्टी यानेही काम भागते. वीस मिलिमीटर पाऊस खरोखर मुरला असेल तर वरच्या कापसाचा पंप पाच दिवस बंद ठेवता येतो.

मातीतील ओलाव्याचे सेन्सर यानंतर येतात. काळ्या जमिनीत त्यांची एक अडचण आहे, आणि विक्रेते ती क्वचितच सांगतात. ही माती सुकताना आकसते, भेगा पडतात आणि सेन्सरचा मातीशी संपर्क तुटतो. मग सेन्सर हवेतच राहतो आणि चुकीचा आकडा दाखवतो. माती पाणी किती जोराने धरून ठेवते हे मोजणारा टेन्शिओमीटर तर ८० सेंटिबारच्या (या ओढीचे एकक) पुढे चालतच नाही आणि भारी जमीन त्यापुढेही पिकाला पाणी देत असते. म्हणून भारी रानात जिप्समसारख्या सच्छिद्र ठोकळ्याचे सेन्सर बरे. जमीन ओली असताना गिरमिटाने छिद्र पाडावे, त्याच मातीचा पातळ गारा करून आत ओतावा आणि त्यात सेन्सर बसवावा. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर एक सेन्सर एक फूट खोल आणि दुसरा दोन फूट खोल हवा. वरचा कोरडा दिसू लागला की पाणी सुरू करावे आणि खालचा ओला होऊ लागला की थांबवावे, कारण त्याच्या खाली गेलेले पाणी पिकाच्या कामाचे नाही. पहिल्या हंगामात दर आठवड्याला सेन्सरशेजारी कुदळीने फूटभर उकरून, माती मुठीत दाबून पाहावी. मातीचा गोळा होतो की भुगा, आणि सेन्सर काय सांगतो, हे दोन्ही एकत्र लिहून ठेवले की त्या शेतासाठी पाणी देण्याचा आकडा हाती येतो. तो दुसऱ्याच्या शेतातून उसना घेता येत नाही.

स्वयंचलनाबाबत माझे मत स्पष्ट आहे. लाईट आली की आपोआप पंप सुरू करणारा ‘ऑटो’ हे पाण्याच्या दृष्टीने घातक साधन आहे, कारण रात्री लाईट आली आणि शेतकरी झोपलेला असला की पाणी शेतातून बाहेर वाहते. त्याऐवजी ठरलेल्या मिनिटांनंतर किंवा ठरलेल्या लिटरनंतर पंप बंद करणारा मोबाइल स्टार्टर घ्यावा. विहीर कोरडी पडली की मोटार थांबवण्याची सोय त्यात असते, तीही कामाची आहे. सौरपंपाला वीजबिल नसल्याने उपसा थांबवण्याचे कारण उरत नाही, म्हणून सौरपंपावर मीटर आणि टायमर अधिकच आवश्यक ठरतात.

पाचवे काम : शेततळे आणि पुनर्भरण

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या शेततळ्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावते. पन्नास मिलिमीटरची एक संरक्षित पाळी चार हेक्टरला देता येईल इतके हे पाणी कागदावर दिसते. गळती आणि बाष्पीभवन वजा जाता तीन हेक्टर धरावेत. ऑगस्टच्या खंडात सोयाबीन शेंगा भरत असताना दिलेली ही एक पाळी पीक वाचवते. जालना जिल्ह्यातील कडवंचीने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. त्यात पाणलोट आधी आला हे विसरू नये.

शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्यानेच भरावे. विहीर किंवा बोअर उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात पाणी साठवणे मोठे नुकसानीचे आहे. मे महिन्यात दिवसाला दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी या तळ्यातून रोज नऊ हजार लिटरपर्यंत पाणी हवेत जाते, आणि तेच पाणी जमिनीखाली सुरक्षित होते. शिवाय ते सर्वांच्या भेगांतले असते. एकाचे तळे भरते तेव्हा चार विहिरी उतरतात.

विहीर पुनर्भरणासाठी ओढ्याचे किंवा शेताच्या उताराचे पाणी थेट विहिरीत सोडू नये. आधी एका खड्ड्यात गाळ बसू द्यावा, मग दुसऱ्या, साधारण दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यात तळाला मोठे दगड, वर खडी आणि सर्वांत वर वाळू अशा थरांतून पाणी गाळून चार इंची पाइपने विहिरीत न्यावे. पाइपाचे टोक भिंतीच्या फूटभर आत आलेले असावे, म्हणजे धारेने बांधकाम ढासळत नाही. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वळवून द्यावे. काळ्या मातीचा गाळ वाळूवर साय धरतो, म्हणून दर वर्षी मे महिन्यात वाळूचा वरचा थर खरवडून नवी वाळू घालावी. फवारणीच्या रानाचे आणि गावगटाराचे पाणी या खड्ड्याकडे कधीही येऊ देऊ नये.

वर्षअखेरचे काम : मे महिन्यातील निर्णय

मे महिन्यात मीटरचा एकूण आकडा ऑक्टोबरच्या ताळेबंदाशेजारी लिहावा. त्याच पानावर मे महिन्यातील झऱ्यांची आवक टिपावी, कारण फळबागेचा निर्णय फक्त याच आकड्यावर घ्यायचा असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. मोसंबीच्या मोठ्या झाडाला मे महिन्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते आणि अठरा फुटांवर लावलेल्या एका एकरात सुमारे १३४ झाडे असतात, म्हणजे रोजचे तेरा हजार चारशे लिटर. मे महिन्यात विहिरीची आवक दिवसाला पाच हजार लिटर असेल, तर ती विहीर पन्नास झाडे जगवू शकते. ठिबक असो वा आच्छादन, त्यापुढची रोपे जूनमध्ये आणू नयेत.